आत्ता

सर्व्हरला वेळ विचारायची तर
नुसतं 'किती वाजले' म्हणून भागत नाही.
कुणाकडून, तेही सांगावं लागतं.
म्हणून कुणीतरी एक तक्ता मांडून ठेवलाय, ड्युअल नावाचा:
एक रकाना, एक ओळ,
ओळीत एक फुली.
बाकी काही नाही.
त्याच्याकडे सिसडेट मागायचं.
सहा वर्षं मागतेय मी,
मडगावच्या नोंदणी कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे
कारण केपेंची सव्वापाचची बस कुणालाच चुकवायची नसते.

पास्कोल कुलासो नुव्याहून आले
ते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात,
हातात दोन कागद.
इस्पितळाच्या चिठ्ठीवर: वीस तारीख, पहाटे चार दहा.
आमच्या दाखल्यावर: एकोणीस, रात्री दहा चाळीस.
"बाय, दहा चाळीसला माझी सून
स्टुलावर बसून दोदोल ढवळत होती.
मी स्वतः नारळ किसून दिलेत.
पोर झालं कुठून?"

मी हिशेब केला. साडेपाच तास.
नोव्हेंबरात आमचा सर्व्हर पणजीहून उचलून
कुठल्याशा परक्या यंत्रशाळेत नेला होता.
तिथलं घड्याळ शून्य रेखांशावर.
नर्स वॉर्डात बटण दाबते,
आणि यंत्र आपल्या गावची वेळ लिहून मोकळं होतं.

त्यांना समजावलं, जमेल तसं.
की वेळ मागायचे शब्द दोन आहेत:
एक उत्तर देणाऱ्याच्या गावची वेळ सांगतो,
दुसरा विचारणाऱ्याच्या.
आणि ज्याने हे लिहिलं त्याने पहिला वापरला.
(ज्याने म्हणजे मी. ते मी सांगितलं नाही.)

ते हसले. म्हणाले, यात नवं काय?
आम्ही लहान, तेव्हा पोर्तुगिजांचं घड्याळ
इंडियाच्या अर्धा तास मागे.
पत्रादेवीच्या नाक्यापलीकडून दहाला निघालेला मामा
अलीकडे पावणेदहाला चहा प्यायचा.
एके दिवशी शाळेत सांगितलं, काटे पुढे करा.
तो अर्धा तास कुठे गेला,
कुणी पावती दिली नाही.

मग ड्युअलबद्दल विचारत बसले.
"तिथे राहतं कोण?"
कुणी नाही.
"मग ती फुली कुणाची?"
कुणाचीच नाही, विचारायला एक जागा लागते म्हणून.
त्यांनी मान हलवली, जणू अशी जागा
त्यांच्याही माहितीत आहे.

त्या रात्री मागे थांबून शोध घेतला.
बारा ते साडेपाचच्या दरम्यान जन्मलेली एकशे सतरा मुलं
आदल्या दिवशी जन्मली होती.
बाकीच्यांचे तासच चुकले होते, तारीख नाही.
एका ओळीत सगळ्यांना साडेपाच तास पुढे ढकललं.
काहींचं नक्षत्र बदललं असेल.
डिचोलीच्या माझ्या आत्याला हे कळता कामा नये.

आठवडा गेला, तेव्हा आठवलं
की मृत्यूच्या तक्त्यातही तीच ओळ आहे.
तिथे ब्याण्णव.
ब्याण्णव जण एक दिवस आधी गेलेले,
आणि त्यांच्यासाठी दोन कागद घेऊन
तीन जिने चढून कुणी आलं नव्हतं.
त्या पहाटे उशाशी बसलेल्यांना वेळ ठाऊक असणारच.
त्यांनी दाखला घडी करून ठेवला असेल,
न वाचता.

तेही दुरुस्त केलं. शब्द बदलला.
मग उगाच, काही काम नसताना,
ड्युअलला एकदा विचारलं.
त्याने सेकंदासकट सांगितलं,
आणि मी वाचेपर्यंत तेवढं राहिलं नव्हतं.

पास्कोल नवा दाखला न्यायला आले तेव्हा
टेबलावर केळीच्या पानात दोदोल ठेवून गेले,
काळा, तुकतुकीत, नाताळचा उरलेला.
मी काम करता करता खाल्ला.
एन्टरची कळ अजून चिकटते,
दाबली की वर यायला
थोडा वेळ घेते.